नारंगी टिकली

मायाक्काच्या कानामागच्या यंत्राला
मिरजेहून बॅटऱ्या येतात.
येतात म्हणजे, सदाप्पा कंडक्टरची ड्यूटी
जतच्या गाडीवर असली की येतात,
त्याच्या वरच्या खिशात, चिल्लरीबरोबर.
एका पाकिटात सहा.
प्रत्येकीवर नारंगी कागदाची टिकली;
ती सोलली की आत हवा जाते
आणि आठ दिवसांचं ऐकणं सुरू होतं.

हे मला ठाऊक नव्हतं.
पहिले सहा महिने मी समजत होते,
पोर हट्टी आहे.

हुलगेवाडीत खोल्या दोन, इयत्ता चार,
मी, आणि आठवड्यातून तीन दिवस गुरव सर.
टॅब एक. त्याची काच कोपऱ्यात तडकलेली,
तडा नेमका 'ळ'वरून जातो.
दुपारी बाराला वीज जाते,
म्हणून सकाळी त्याला गिरणीत चार्जिंगला ठेवायचं.
धडा उघडला की आधी
जोंधळ्याच्या पिठाचा वास येतो.

सैफनला फळा दिसत नाही.
डाळिंबाच्या क्रेटवर तिरकी टेकवलेली एक फळी,
तीवर पुस्तक, पुस्तकावर भिंग,
भिंगावर सैफन.
घामाने भिंग धुरकटलं की तो ते
माझ्या पदराला पुसतो, न विचारता.

आणि सिद्राया.
घरी कन्नड, शाळेत मराठी,
पुस्तकात आणखी तिसरंच काहीतरी.
"बाई, व आन् ब एकमेकाची चप्पल घालून येत्यात."
चौथीत आला तरी एक ओळ सरळ गेली नव्हती;
अडखळणं त्याच्या पाचवीलाच पुजलेलं.
त्याला टॅबचा आवाज लावून दिला.
पानाचा फोटो काढायचा, बोट टेकवायचं,
आतली बाई वाचते.
आतल्या बाईला घाई नाही, राग नाही,
(हे मी स्वतःला ऐकवते)
पण तिला आमच्याकडचं काही येत नाही.
'चुलीवर'मधला च तिने चहातला केला,
जोंधळ्याचा ज जिलेबीचा.

वर्ग लोळून हसला.
सिद्राया हसला नाही.
त्याने पुन्हा लावलं. पुन्हा लावलं.
मग टॅब तोंडाजवळ धरून
अगदी हळू, आजारी माणसाला सांगावं तसं म्हणाला,
"चु-ली-वर. आसं म्हण."
आणि ती म्हणेना, तेव्हा
पुढची आख्खी ओळ त्यानेच वाचली,
तिला सोबत म्हणून.

वरून फॉर्म आला. रकाना : उपलब्ध साधने.
मी लिहिलं, टॅब एक, भिंग एक, श्रवणयंत्र एक.
कंडक्टर कुठे लिहू, ते कळेना.
गिरणीचंही तसंच.

मायाक्का टिकल्या टाकत नाही.
वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवते, ओळीने.
एकदा मी त्या मोजल्या
आणि शेजारी हजेरीपट उघडला.
जूनपासून तिच्या नावापुढे नुसते 'ह', 'ह', 'ह';
टिकल्या फक्त चार.
हिशेब बसेना.
"बंद ठेवते," ती म्हणाली. "पुरवून वापरायचं."
"कधी बंद?"
"गणिताला."
"आणि चालू?"
"गोष्टीला. आणि मधल्या सुट्टीत."

एवढी वर्षं मी हजर मांडत आले,
आणि ऐकणारी पोर
मला तासाच्या मापाने मोजून घेत होती.

आजही भागाकार म्हणून फळ्याकडे वळले
की मागे तिचं बोट कानाशी जातं.
झाकण उघडतं. टक्.
त्या टक्-चा आवाज आता मला येतो.

मी खडू खाली ठेवला.
म्हटलं, एक होता कंडक्टर.
त्याच्या खिशात होत्या सहा बॅटऱ्या,
आणि एका मुलीला
अठ्ठेचाळीस दिवस सगळं ऐकायचं होतं, गणितसुद्धा…

बोट अर्ध्यात थांबलं.
सैफनने भिंगावरून मान वर केली.
"मग?" सिद्राया म्हणाला.